फिक्या रंगांची श्रीमंती

२५ हजार भेटकार्डं... आणि हातात ३ पौंड!

दीडशे वर्षांपूर्वीचा, इंग्लंडमधला हा हिशेब. लंडनच्या एका तरुण मुलीने व्हॅलेंटाइनचं एक भेटकार्ड रंगवलं. कंपनीने ते छापून बाजारात आणलं आणि काही आठवड्यांतच त्याच्या २५ हजारांहून जास्त प्रती हातोहात खपल्या. घरोघरी ते कार्ड पोहोचलं. पण जिच्या बोटांतून ते उतरलं होतं, तिला मिळाले जेमतेम ३ पौंड.

मैत्रिणींनो, या मुलीचं नाव केट ग्रीनअवे. पुढे हेच नाव युरोप-अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकांवर झळकलं. आयांनी आपल्या लेकींना तिच्या चित्रांतल्यासारखे झगे शिवले. पण तिची सुरुवात झाली ती भेटकार्डांपासून. म्हणून ती मला फार जवळची वाटते.

मी रंगीत पेन्सिलींनी भेटकार्डं बनवते. दिवाळी, राखी, कुणाचं बारसं, कुणाची साठी... आता शुभेच्छा मोबाइलवर धडाधड येऊन पडतात आणि जागा अडते म्हणून संध्याकाळपर्यंत पुसूनही टाकल्या जातात. हाताने केलेलं कार्ड मात्र सहसा कुणी टाकून देत नाही. साडीच्या घडीत, नाहीतर कपाटातल्या कागदपत्रांच्या पिशवीत ते जपून ठेवलेलं सापडतं. असं कार्ड करायला बसलं की पहिला प्रश्न पडतो तो रंगांचा. पेटीत चोवीस पेन्सिली असतात आणि हात चोवीसही पेन्सिलींकडे जातो! थोडक्या रंगांत मनातलं कसं सांगावं, हे केटच्या चित्रांकडे बघून कळतं. आणि आपल्या कामाची किंमत कशी ओळखावी, हे तिच्या आयुष्याकडे बघून.

शेतावरचे दिवस

केटचा जन्म १७ मार्च १८४६ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. चार भावंडांत ती दुसरी. वडील जॉन ग्रीनअवे लाकडी ठशांवर चित्रं कोरायचे. त्या काळी मासिकांतली, पुस्तकांतली चित्रं अशा ठशांवरूनच छापली जात. रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात बारीक रेषा कोरत बसलेले वडील, हे त्या घरातलं रोजचं दृश्य होतं.

कोरीवकामाचं एक मोठं काम वडिलांनी अंगावर घेतलं आणि ते देणाऱ्या प्रकाशकाचं दिवाळं निघालं. केलेल्या कामाचे पैसे बुडाले. मग कंबर कसली ती आईने. एलिझाबेथ ग्रीनअवे शिवणकामात तरबेज होती. तिने इस्लिंग्टन भागात लहान मुलांचे कपडे, टोप्या, लेस असं सामान विकणारं दुकान थाटलं आणि त्या दुकानाने घर सावरलं. संसाराची गाडी शिलाईच्या बळावर ओढणाऱ्या बायका आपल्याही आजूबाजूला किती असतात, नाही का?

केट अगदी लहान असताना तिला नॉटिंगहॅमशायरमधल्या रोल्स्टन नावाच्या खेड्यात, ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाकडे ठेवलं होतं. पुढेही ती तिथे जात राहिली. भिंतीआडची बाग, फळझाडं, कुंपणाची फुलं, गवताची कुरणं, आणि जुन्या पद्धतीचे झगे न् टोप्या वापरणारी साधी माणसं. लंडनच्या धुरकट गल्ल्यांतून आलेल्या मुलीला हे सगळं स्वर्गासारखं वाटलं असणार. हे गाव तिच्या डोळ्यांत जे शिरलं ते आयुष्यभर तिथून हललं नाही.

तिची नंतरची चित्रं पाहा. सायीसारखा पांढरा झगा, धुवट निळी रिबन, कोवळ्या पानाचा हिरवा, विटकरी भिंत, फिका पिवळा. सगळे रंग जणू उन्हात वाळवून घरात आणल्यासारखे मऊ. हे रंग कुठल्या वर्गात शिकवलेले नव्हते. ते रोल्स्टनचे होते.

बायकांसाठी वेगळा वर्ग

बारा वर्षांची होण्याच्या सुमाराला केट फिन्सबरीच्या चित्रकला शाळेत जाऊ लागली. पुढे साउथ केन्सिंग्टनच्या सरकारी कलाशाळेत तिने रीतसर शिक्षण घेतलं. तिथला अभ्यासक्रम म्हणजे टाइल्स, गालिचे, भिंतीचे कागद यांच्यासाठी नक्षी काढणं. फुलापानांच्या ठरावीक आकृत्या पुन्हापुन्हा गिरवणं. कंटाळवाणं काम, पण त्याने हाताला शिस्त लागली.

मुलींनी मानवी देहाचा अभ्यास समोर मॉडेल बसवून करणं तेव्हा अशोभनीय समजलं जाई. चांगला चित्रकार होण्यासाठी हा अभ्यास तर हवाच! मग केट संध्याकाळी हीदरली यांच्या खासगी कलाशाळेत जाऊ लागली. १८७१ मध्ये स्लेड ही नवी कलाशाळा मुलींना दारं उघडी ठेवून सुरू झाली, तेव्हा तिथेही तिने नाव घातलं. युद्धाची चित्रं काढून पुढे गाजलेली एलिझाबेथ थॉम्प्सन ही साउथ केन्सिंग्टनमधली तिची सहाध्यायी. दोघींनी मिळून भाड्याने स्टुडिओही घेतला होता. एकीने रणांगण रंगवलं, दुसरीने अंगण. दोघींनीही नाव कमावलं.

तीन पौंडांची गोष्ट

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं छापील भेटकार्ड काढलं. त्यातली चित्राची रेषा छापलेली होती, रंग मात्र हाताने भरलेले होते! म्हणजे आज आपण जे हौसेने करतो, तो तेव्हाचा व्यवसाय होता. पुढे रंगीत छपाई स्वस्त झाली आणि भेटकार्डांना उधाण आलं.

१८६८ मध्ये केटची चित्रं पहिल्यांदा एका प्रदर्शनात लागली आणि लोकांच्या नजरेत भरली. बेलफास्टच्या मार्कस वॉर्ड कंपनीने तिला भेटकार्डांचं काम दिलं. नाताळ, व्हॅलेंटाइन, एकामागून एक कार्डं ती काढत गेली. सुरुवातीला सांगितलं ते २५ हजार प्रतींचं कार्ड याच काळातलं. चित्र एकदा विकलं की ते कंपनीचं. मग कंपनीने ते किती वेळा छापावं याला सुमार नाही. १८७६ मध्ये याच कंपनीने केट आणि वॉल्टर क्रेन यांची व्हॅलेंटाइन कार्डांवरची चित्रं एकत्र करून त्यांचं एक देखणं पुस्तकही काढलं.

काही वर्षांनी तिने या कंपनीचं काम थांबवलं. पण तोवर एक गोष्ट घडून गेली होती. गर्दीतूनही आपलं म्हणून ओळखू येईल, असं काहीतरी तिच्या हाताला गवसलं होतं.

इथे मला राहवत नाही म्हणून माझ्या गावचं सांगते. मध्यंतरी एका दुकानदाराने माझ्याकडे पन्नास कार्डं मागितली आणि दर सांगितला तो कागदाच्या किमतीपेक्षा थोडासाच जास्त. बायका घरी रिकाम्याच असतात, हा हिशेब त्यात धरलेलाच होता. मी नम्रपणे नकार दिला. वारली चित्रं, क्रोशाचे रुमाल, गोधड्या, रुखवत... आपल्यातल्या कितीजणींना हाच हिशेब ऐकवला जातो! हाताला लागलेला वेळ आणि नजरेला लागलेली वर्षं त्यात कुणी धरत नाही. आणि बऱ्याचदा आपणही धरत नाही.

चार रंगांची किमया

केटचे वडील उमेदवारीच्या काळात ज्यांच्यासोबत शिकले, ते एडमंड इव्हान्स एव्हाना लंडनमधले नावाजलेले रंगीत मुद्रक झाले होते. केट त्यांच्याकडे आपली पन्नासेक चित्रं आणि सोबत स्वतः रचलेल्या बालकविता घेऊन गेली. इव्हान्स यांनी ते बाड बघितलं आणि तिथेच विकत घ्यायचं ठरवलं.

‘अंडर द विंडो’ हे ते पुस्तक, १८७९ मध्ये बाजारात आलं. किंमत ६ शिलिंग, म्हणजे मुलांच्या पुस्तकासाठी काही कमी नव्हे. नवख्या चित्रकर्तीच्या महागड्या पुस्तकाच्या २० हजार प्रती इव्हान्स छापताहेत, हे ऐकून प्रकाशक मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. पण दुसरी खेप छापून होण्याआधीच पहिली संपली! इंग्रजी पुस्तकाचा खप पुढे ७० हजारांच्या घरात गेला. केटला या वेळी नुसती चित्रांची किंमत देऊन वाटेला लावलं नाही. तिला विक्रीतला वाटा मिळाला.

आता या छपाईची गंमत ऐका. आपल्या रंगीत पेन्सिलींशी तिचं अगदी जवळचं नातं आहे. इव्हान्स प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठसा कोरायचे. केटच्या चित्रांसाठी बाह्यरेषेचा एक ठसा आणि त्यावर लाल, निळा, पिवळा आणि त्वचेचा फिका रंग. बस्स, एवढंच! मग फिकट छटा कशा यायच्या? तर ठशावर बारीक बारीक समांतर रेषा कोरून. रेषांमधून कागद डोकावतो आणि रंग आपोआप हलका दिसतो. पिवळ्या रेषांवर निळ्या रेषा पडल्या की हिरवा तयार.

पेन्सिलीने आपण दुसरं काय करतो?  केट शिसपेन्सिलीने रेखाटायची आणि जलरंगाने रंगवायची. पण तिच्या छापील चित्राकडे भिंगातून पाहिलं, तर रेषेवर रेषा चढवलेलं पेन्सिलकामच वाटावं.

हीच युक्ती मी वापरते. तुम्हीही करून पाहा. कागद थोडा खरखरीत घ्या. गुळगुळीत कार्डशीटवर पेन्सिल नीट बसत नाही. पेन्सिलीला लांब टोक करा, हात हलका ठेवा आणि एकाच दिशेने रेषा ओढा. आधी फिका रंग, त्यावर गडद. हिरवी पेन्सिल न उचलता पिवळ्यावर निळा चढवून बघा, पान जिवंत दिसेल. बाह्यरेषा काळ्याऐवजी तपकिरी काढा. काळी रेषा चित्राला दटावते, तपकिरी रेषा त्याला नुसतं कुशीत घेते. आणि निम्मा कागद तरी मोकळा सोडा. केटच्या चित्रांत मोकळी जागा भरपूर असते, म्हणून तर तिची मुलं मोकळा श्वास घेताना दिसतात.

रंगांचे मूड

रंगाला भाव असतो हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आपण साड्यांवरून रंग ओळखणाऱ्या बायका! आमसुली, डाळिंबी, अबोली, मोतिया, श्रीखंडी, मोरपंखी, गुलबक्षी... लग्नाला कुठली साडी नेसायची आणि कुणाच्या दुःखात भेटायला जाताना कुठली, हे आपल्याला न सांगता कळतं. हीच समज कार्डात उतरवायची.

बाळाच्या बारशाचं कार्ड असेल तर मोतिया, फिका पिवळा आणि थोडासा अबोली. आजारातून उठलेल्या मैत्रिणीला कोवळा हिरवा आणि आकाशी, म्हणजे खिडकी उघडल्यासारखं वाटेल. भावाच्या राखीला श्रीखंडी पार्श्वभूमीवर एकच डाळिंबी ठिपका, तोही राखीच्या मधोमध. आणि कुणाच्या घरी दुःख झालं असेल तर राखाडी निळा, एखादं पांढरं फूल आणि बाकी कागद कोरा. एका कार्डात तीन रंग, फार तर चार. गडद रंग एकाच जागी. बाकीचे त्याला बसायला जागा देतात.

मुख्य म्हणजे रंग कुणासाठी आहेत हे आधी ठरवायचं. आपला दिवस कसा गेला याच्याशी कार्डाचा संबंध नाही. ते उघडणाऱ्याचा दिवस कसा जावा, याच्याशी आहे. केट लाजाळू होती, एकटी होती, तिच्या वाट्याला काळज्याही कमी आल्या नाहीत. पण तिच्या कागदावरची मुलं कायम वसंतात खेळत राहिली.

नावही आणि घरही

‘अंडर द विंडो’नंतर केटची पुस्तकं रांगेने आली. वाढदिवसांचं पुस्तक, मदर गूजची बडबडगीतं, १८८४ मध्ये फुलांच्या भाषेवरचं छोटंसं पुस्तक, आणि १८८३ पासून जवळजवळ दरवर्षी खिशात मावणारी चित्रमय दिनदर्शिका. चित्रांतले झगे ती आधी स्वतः शिवायची, मुलांना घालायची आणि मग काढायची. आईच्या दुकानात घालवलेलं बालपण असं कामी आलं. हे कपडे इतके आवडले की लंडनच्या लिबर्टी दुकानाने तशा धाटणीचे मुलांचे कपडे विकायला ठेवले.

१८८५ मध्ये केट हॅम्पस्टेडला स्वतःच्या घरात राहायला गेली. नॉर्मन शॉ या नामांकित वास्तुरचनाकाराने ते बांधलं होतं. वरच्या मजल्यावर मनासारखा उजेड येईल असा स्टुडिओ होता. आईवडील आणि भाऊ तिच्यासोबत होते. स्त्रीच्या कमाईचं घर, आणि तेही चित्रांच्या कमाईचं! त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट.

प्रख्यात कलासमीक्षक जॉन रस्किन यांची आणि तिची मैत्री याच वर्षांतली. १८८० मध्ये पत्रांनी सुरुवात झाली, १८८२ च्या अखेरीस भेट झाली. रस्किन यांनी ऑक्सफर्डच्या व्याख्यानात तिची वाखाणणी केली. केटचं मन त्यांच्यात गुंतलं होतं. पत्रांचा ओघ मात्र तिच्या बाजूनेच जास्त होता. ते तिला सतत सूचना करायचे. निसर्ग समोर ठेवून अभ्यास कर, पावलं नीट काढ, रंग असे वापर, तसे वापर. तिने अभ्यास केला, दगड काढले, गवत काढलं. पण पुस्तक करायला बसली की तिच्या कुंचल्यात उतरायचे ते रोल्स्टनचेच रंग. मोठ्या माणसाचं ऐकावं, त्यातलं घ्यायचं ते घ्यावं. पण आपला रंग आपण सोडू नये, असं मला यातून वाटतं.

उतरती वर्षं

१८९० चं दशक कठीण गेलं. आवड बदलली, दिनदर्शिकांचा खप घटला, तिच्यासारखीच चित्रं काढणारे नकलाकार माजले. १८९० मध्ये वडील गेले, १८९४ मध्ये आई. केटने जलरंगांची प्रदर्शनं भरवली, पुढे तैलरंगही हाताळून पाहिले. जानेवारी १९०० मध्ये रस्किनही गेले.

तोवर तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. तिने तो जवळच्या मित्रमैत्रिणींपासूनही लपवला आणि उपचार लांबवले. ६ नोव्हेंबर १९०१ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, केट गेली. तेव्हाचे उपचार तोकडे होते, हे खरं. पण दुखणं लपवण्याची ही सवय मात्र अजून गेलेली नाही. मैत्रिणींनो, आज हा आजार वेळेवर कळला तर बरा होऊ शकतो. गाठ हाताला लागली तर लाजू नका, घरच्यांच्या सवडीची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. सगळ्यांसाठी वसंत रंगवणाऱ्या बाईने स्वतःची काळजीही घ्यायला हवी.

केटचं नाव मात्र राहिलं. मुलांच्या पुस्तकातल्या उत्तम चित्रांसाठी ब्रिटनमध्ये १९५५ साली तिच्या नावाचं पदक सुरू झालं. २०२२ मध्ये त्याचं नाव बदललं, पण तोवर कितीतरी चित्रकारांनी ते अभिमानाने मिरवलं होतं. एका कार्डाचे ३ पौंड घेणाऱ्या मुलीची ही केवढी मजल!

येत्या सणाला कार्ड करायला बसलात की पेटीतल्या तीनच पेन्सिली बाहेर काढा. तुमच्या माहेरच्या अंगणातले, आजीच्या लुगड्याचे, परसातल्या कोरांटीचे रंग आठवा. ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. कार्ड पुरं झालं की मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आपलं नाव लिहा. आणि कुणी विकत मागितलं, तर कागदाबरोबर आपल्या हाताचीही किंमत सांगा. न अडखळता.